पिवळी रेघ

११ फेब्रुवारी, मंगळवार

माफ कर, वही. फार उशिरा उघडतोय तुला. पण डोकं तापलेलं असलं की अक्षर आणखी बिघडतं, आणि चौथी पास माणसाचं अक्षर मुळात ते काय असणार!

थोरलीने आज माझ्या ट्रकचा टाय रॉड काढला. पुढची दोन चाकं एकमेकांना बांधणारा दांडा. खडकात चालणाऱ्या गाडीचं वळणं सगळं त्याच्या जिवावर. म्हणते, "वाकलाय, बाबा." वाकलाय! वाकलोय तर मीही. मग मलाही भंगारात घाला!

तिचं म्हणणं, जुना दांडा खाली लोंबतो, त्याला दगड लागतो. आता जाडजूड नवा, आणि तोही वर बसवायचा. त्यासाठी दोन्ही चाकांशी वरच्या बाजूला नवे आर्म, म्हणजे दांडा धरणारे लोखंडी हात, बोल्टने आवळलेले. म्हणजे डोंगर उतरताना बोल्ट ढिले झाले तर चाक आपल्या मनाने जाणार! मी हे बोललो, तर म्हणते, "तुम्ही घरात बसून काळजी करा. ते तुम्हाला छान जमतं."

जावई हसला. वरच्या खाणीवर गाडी नेणार तोच — आणि हसतोय!

१२ फेब्रुवारी, बुधवार

खांदा ठणकतोय. रागाने जास्तच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रंगावरून भांडण. आमच्या गॅरेजात एक रीत आहे, मी घातलेली. ज्याने बोल्ट कसला, त्याने त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढायची. बोल्टच्या डोक्यावरून थेट खालच्या लोखंडापर्यंत. बोल्ट जरा फिरला की रेघ तुटते, लांबूनही दिसतं. माझा रंग पिवळा, थोरलीचा लाल. रेघ ओढली म्हणजे शब्द दिला.

तर आज म्हणते, "आता टकटक्या पाना आहे ना! पुरेसं आवळलं की टक् वाजतं. रंगरंगोटी हवी कशाला?"

"पाना वाजून गप्प बसतो. नंतर साक्ष कोण देणार?"

"का, कोर्टात जायचंय तुम्हाला?"

जेवलो नाही. ही म्हणाली, "अहो, राग बोल्टांवर काढा, अन्नावर कशाला?" घरात माझ्या बाजूने एक माणूस असेल तर शपथ!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवे भाग आले. दणकट आहेत. तिला सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी थोरली हात पुसत बाहेर आली. विचारलं, "झालं का?" "लावलंय सगळं," म्हणाली आणि स्कूटर काढून भुर्रकन गेली. कुठे जातो ते बापाला सांगायची पद्धतच नाही!

आत जाऊन बघितलं. आर्म जागेवर, बोल्ट जागेवर — आणि एकावरही रेघ नाही! डोक्यात तिडीक गेली. बापाची रीत, बापाच्या डोळ्यांदेखत मोडली! एकदा स्वतः आवळून बघावं म्हणून लांब पाना उचलला, तर खांदा वर जाईना. ठेवला परत. म्हटलं, ती म्हणाली ना झालं म्हणून. तेवढं काम तिला येतं. शिकवलंय मीच.

पिवळा डबा शोधला. रंग सुकून पापड झालेला. रॉकेल घालून ढवळला आणि एकेका बोल्टवर रेघ ओढली. सरळ, ठसठशीत. आता बघा म्हणावं, घरात बसलेला म्हातारा काय करतो ते!

संध्याकाळी थोरली बॅटरी घेऊन गाडीखाली गेली. बाहेर आली. जेवताना मला आधी वाढलं. मग हळूच, "खांदा कसा आहे, बाबा?"

टोमणा! ताट सरकवून उठलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दोघंही गाडी घेऊन खाणीवर गेली. तिला उतारावर स्वतः बघायचंय. जावई अंगणातच म्हणाला, "स्टिअरिंग लोण्यासारखं झालंय!" थोरलीने खिडकीतून हात केला. मी पाठ फिरवली. राग आहे म्हणजे आहे!

रविवार, पुन्हा

वेल्डर येऊन गेला. हातात आमचा टकटक्या पाना. म्हणाला, "कालच न्यायला आली होती थोरली, पण मला वेळेत दुरुस्त करता आला नाही. आज घेऊन येतो म्हणून सकाळी फोन केला, तर म्हणाली, 'राहू द्या काका. बोल्ट मी नुसते हाताने फिरवून ठेवले होते. ते बाबांनी तसल्या खांद्याने कसले, मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांची पिवळी रेघ आहे, आता पाना लावून बघायचं कारणच नाही.'"

लावलंय म्हणाली होती ती. कसलंय म्हणाली नव्हती.

वेल्डर मोटारसायकलवरून त्यांच्या मागे सुटलाय. ही फोन लावतेय. लागत नाही. माझ्या हाताला दुसरं काम नाही.

पोरी, पिवळा खोटा आहे. असशील तिथे गाडी उभी कर, उतार लागायच्या आत. मग घाल हव्या तेवढ्या शिव्या — पण आवाज ऐकव गं. लवकर ऐकव.