ट्रंकेच्या झाकणातलं बाळ

शिरूर कासार, जि. बीड
पोळ्यानंतरचा बुधवार

प्रिय वनिता,

मी सरूबाई, तुझ्या बापाची आई. विसरली असशील म्हणून आधी ओळख सांगते. ठेंगणी, पुढचे दोन दात गेलेली, तुझ्या डोक्यातल्या उवा उन्हात बसून मारायची ती म्हातारी. एवढ्यावरही आठवलं नाही तर युवराजला विचार. तुझ्या नवऱ्याच्या लक्षात माणसं राहतात. ‘प्रिय’ हे जानकीनं लिहिलंय. मी ‘वने’ म्हणून सुरुवात केली होती, पण ती म्हणाली, पत्राला रीत असते. अंगणवाडीची बाई ती, तिच्यापुढं कोण बोलणार? माझं ‘हाय’ खोडून ती ‘आहे’ करते, ‘न्हाई’चं ‘नाही’ करते, आणि वर मलाच वाचून दाखवते. ऐकताना वाटतं, कुणी शिकलेली बाई माझं लुगडं नेसून बसलीय.

फोन असताना कागद कावून, असं म्हणशील. पवनच्या फोनवर तू भावाशी चांगली बोलतेस, मागं मी खोकले की तुझी रेंज जाते. पुण्यासारख्या शहरात रेंजचे एवढे हाल असतील असं मला वाटलं नव्हतं. पाच महिने झाले या गोष्टीला. कागदाचं बरं असतं. फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

इकडचं सांगते. बाजरी कणसात आली आहे, पाखरं माझ्या आधी उठतात. तुझ्या आईबापानं मुकादमाला होकार दिला. दिवाळी झाली की दोघं पुन्हा ऊसतोडीला जातील. शहादेवची कंबर वाकली की सरळ व्हायला वेळ घेते, पण तो कुणाचं ऐकतो? मग घरात मी, म्हैस आणि दाराचं कुलूप. म्हैस बरी. हाक मारली की निदान मान तरी वळवते.

तू चैतात आलीस ते आठवतं का? तुझी लेक ठकी दहा महिन्यांची होती. तिचं कागदावरचं नाव शिवन्या आहे, मला माहीत आहे, पण माझ्या तोंडात ते मावत नाही. तू पेढे आणलेस. घरात पाय ठेवल्या ठेवल्या माझ्या तोंडाशी पेढा धरलास आणि मी तोंड फिरवलं, तेव्हा कपाळावर हात मारून घेतलास. मी साखर खात नाही, चहासुद्धा गुळाचा पिते, हे तू सपशेल विसरलीस. लहानपणी तूच गल्लीभर सांगत फिरायचीस, की आमच्या आजीला साखरेचा आजार नाही, आजीचा साखरेवर राग आहे. रागच होता तो. कशाचा, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही.

पेढे कशाचे, ते तू रात्रीच्या भाकरीपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून झाली होतीस. पुण्याच्या एका कंपनीनं लेकरांच्या तेलाच्या जाहिरातीसाठी शेकडो पोरांचे फोटो बघितले आणि आपली ठकी निवडली. केसांसाठी. दहा महिन्यांची पोर आणि केस कानाखाली उतरलेले, काळेभोर, कुरळे. सोमवारी शूटिंग होतं. मी पण मिरवले हं, खोटं कशाला बोलू. म्हाळूच्या सलूनपर्यंत जाऊन सांगून आले. मग तू ठकीला अंगणात बसवून मोबाइलवर फोटो काढायला लागलीस. कंपनीनं म्हणे सांगितलं होतं, काजळ नको, तीट नको, मनगटात काळा दोरा नको. पुडक्यातून ओढून काढतात तो ओला रुमाल घेऊन तू तिच्या गालावरची तीट पुसलीस. आणि हसत म्हणालीस, “आजे, बघ की, ट्रंकेतल्या बाळासारखे केस हायेत हिचे.”

म्हाळूचा वस्तरा मला आठवला तो तिथं.

ट्रंकेतलं बाळ तू विसरली नाहीस, हे मात्र खरं. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं कॅलेंडरचं चित्र. तारखा कधीच फाटून गेल्या, वरचं बाळ तेवढं उरलं. आईबाप तोडीला गेले की तू ट्रंक उघडून त्याच्यासमोर बसायचीस, पाण्यानं ओले करून आपले केस त्याच्यासारखे वळवायचीस, आणि ते सरळच्या सरळ राहिले की रडायचीस. कोण गं हे, असं विचारायचीस. मी सांगायचे, कारखान्याची जाहिरात आहे, कुणाचं बाळ असेल कुणाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तू कॉलेजातून दाखला आणायला अंबाजोगाईला गेलीस. ठकीला माझ्या मांडीवर ठेवून गेलीस. एसटी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी पवनला म्हाळूकडं पाठवलं. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं असतं, मामा घरात आहे, दिवस चांगला आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. पवन का-कू करत होता. मी त्याला दटावलं, देवाच्या कामात आडवा येतोस का म्हणून. त्याच्यावर राग धरू नकोस. म्हाळूनं वस्तरा लावला तेव्हा पोर रडलीसुद्धा नाही, त्याच्या कानातल्या बाळीकडं बघत बसली. केस परातीत पडत गेले. आणि खरं सांगायचं तर माझा जीव हलका होत गेला.

आज जानकीच्या हातानं लिहून देते, की देवाचं निमित्त होतं. मला पोर बोडकी करायची होती. बोडक्या पोरीचा फोटो कुणी काढणार नाही, एवढाच माझा हिशेब.

तू दिवेलागणीला आलीस. आरडाओरडा करशील, मला बोलशील, याची मी तयारी ठेवली होती. दोन उत्तरंही घोकून ठेवली होती. ठकीच्या डोक्यावरून हात फिरवलास, कपडे पिशवीत भरलेस, आणि दारात चप्पल घालताना एवढंच म्हणालीस, “मला कवा कुनी बघितलंच न्हाई, आजे. हिला बघनार व्हते.” पवन तुला गाडीवर मांजरसुंब्यापर्यंत सोडून आला. घोकलेली दोन्ही उत्तरं वायाच गेली. काय ती, आता मलाही आठवत नाहीत.

तू खोटं बोलली नव्हतीस. तुझं निम्मं बालपण उसाच्या फडात गेलं, निम्मं माझ्या दारात. शाळेत तुला नाचात घेतलं आणि नाचाच्या आठ दिवस आधी टोळी निघाली. गाडीत भांड्यांवर बसून तू गेलीस, पाठमोरी. तुला बघणारी मी होते, पण म्हातारीनं बघितलेलं मोजतो कोण.

आता मूळ गोष्टीवर येते. जानकीनं दोनदा पेन खाली ठेवलं आहे, पण मी तिला उठू देणार नाही.

श्रावणात हिच्या अंगणवाडीत लेकुरवाळ्या बायांना गोळा केलं होतं. मी आपली म्हैस बांधून सहज जाऊन बसले, चेष्टा करायला. ही शिकवत होती, की पोराला जुलाब लागले तर काय करायचं. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, त्यात साखर, त्यात चिमूटभर मीठ, आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. पाणी तोडायचं नाही, असं तीनदा बजावलं. बाया माना हलवत होत्या. मी विचारलं, बाई, हे आता नवीन निघालंय का? पन्नास वर्षांपूर्वी चाललं असतं का? जानकी हसली. म्हणाली, “पानी तेच, मीठ तेच, साखर तीच. कावून न्हाई चालनार, आजी?”

मी घरी आले आणि ट्रंक उघडून बसले.

वने, ते बाळ कुणाचं ते मला ठाऊक आहे. ती तुझी आत्या. तुळजा तिचं नाव. शहादेवच्या आधीची माझी पहिली लेक. मी सतराची असेन. पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर आमची टोळी उतरली होती. कारखान्याचं कॅलेंडर काढायचं होतं, म्हणून शहरातून कॅमेरावाला आला. उसाच्या मोळ्यांवर बसवायला त्याला गोजिरवाणं लेकरू हवं होतं. साऱ्या तळावरची पोरं बघितली आणि माझी उचलली. केसांसाठी. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या आमच्याकडं कुणी बोट दाखवलं की आधी आवाज यायचा तो शिवीचा. त्या दिवशी मोठी माणसं कौतुक करत होती. कॅमेरावाल्यानं आपल्या रुमालानं तिची तीट पुसली, फोटोत डाग दिसतो म्हणाला. मी पुसू दिली. जाताना त्यानं मला साखरेची पुडी दिली, लेकराचं तोंड गोड कर म्हणून. जावळाच्या दिवशी शिरा करीन, असं ठरवून मी ती कोपीच्या खांबाला, मेढीला बांधून ठेवली.

चौथ्या दिवशी तिला जुलाब लागले. तेव्हा रीत होती, जुलाब लागले की पाणी तोडायचं. सासूनं सांगितलं, टोळीतल्या सगळ्या जाणत्या बायांनी सांगितलं, आणि मी तोडलं. ती ओल्या घागरीला जीभ लावायची. मी घागर उचलून उंच ठेवली. फोटोची दृष्ट लागली, तीट पुसली तिथंच घात झाला, असं सगळे म्हणत होते. मी मूठभर मीठ घेतलं, तिच्यावरून ओवाळलं आणि चुलीत टाकलं. किती वेळा टाकलं ते सांगता येणार नाही. मीठ माझ्या मुठीत होतं, वने. साखर मेढीला बांधलेली होती. पाणी मी उंच ठेवलं होतं.

जुलाब लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पुडी मी उसाच्या पाचटात फेकून दिली, आणि साखरेला त्यानंतर तोंड लावलं नाही. संक्रांतीच्या सुमाराला कॅलेंडर निघालं. मुकादमाच्या खोलीत ती, चहाच्या हॉटेलात ती, दुसऱ्यांच्या कोप्यांत ती. वर्षभर जिथं जाईन तिथं माझ्याकडं बघून हसायची. त्यातलं एक मी मागून आणलं. एवढी वर्षं त्या कॅमेऱ्याला मी शिव्या घातल्या, आणि तुझ्या हातातला मोबाइल बघितला तेव्हा मला तोच माणूस दिसला. आता कळलं, त्यानं तिचं काही नेलं नव्हतं. तिचा चेहरा माझ्याजवळ उरला आहे, तो त्याच्यामुळंच. ज्याला मी जन्मभर चोर म्हटलं, त्यानं दिलं तेवढंच माझ्याजवळ आहे.

हे पत्र लिहिण्याचं कारण आता सांगते. पवनला युवराजनं सांगितलं, की त्या कंपनीचा पुन्हा फोन आला होता, ठकीचे केस वाढले असतील तर दिवाळीच्या आत फोटो पाठवा म्हणाले, आणि तू नको म्हणतेस. आजीच्या मनाविरुद्ध नको, काही झालं तर जन्मभर ऐकावं लागेल, असं म्हणतेस. तर ऐक. काही होणार नाही. तीट पूस, दोरा काढ, फोटो पाठव. जायचं ठरलं तर पोर कंटाळली की उचलून घे, साहेब लोक काहीही म्हणू देत. दिव्यांच्या उजेडात, घाईगडबडीत, तिला पाणी पाजायला विसरू नकोस. बाकी काही विसरलीस तरी चालेल, मलासुद्धा. झाकणावरचं चित्र म्हाळूच्या वस्तऱ्यानं हळूच सोडवून या पाकिटात घातलं आहे. एका कोपऱ्याला फाटलं. तुला बघितलं नाही म्हणतेस, तर आता तूच तुळजाला बघ. आपल्या घरात आता हिला ओळखणाऱ्या आपण दोघी झालो. ठकीचा फोटो छापून आला की त्याची एक प्रत मला पाठव, ट्रंकेचं झाकण रिकामं आहे. पवन मांजरसुंब्याला जाऊन एसटीच्या ड्रायव्हरकडून घेईल. सोबत पेढे नकोत, बिस्किटं नकोत, आणि माझा नेम आठवून गूळ तर मुळीच पाठवू नकोस. पावशेर साखर पाठव.

तुझीच अंगठेबहाद्दर आजी,
सरूबाई