तारेची पट्टी आणि जुना पक्षी

सुरिनाम, शनिवार, १४ ऑगस्ट १९८२

तारेची पट्टी आणि जुना पक्षी, एकाच पिशवीवर. हे आधी लिहितो, बाकीचे मग.

विमानात उलटीसाठी सीटच्या खिशात ठेवतात त्या पिशव्यांपैकी एका कंपनीच्या दोन माझ्या संग्रहात होत्या. एकीवर कंपनीच्या चिन्हातला जुना पक्षी, पण तोंड नुसते दुमडायचे. दुसरीवर नवा पक्षी आणि तोंड मिटायला तारेची पट्टी. दोन्ही बदल एकदम झाले नसणार, मधली एखादी पिशवी निघालीच असेल, असे मी चार वर्षे म्हणत होतो. विमानतळावर कामाला असलेला मेहुणा हसायचा.

आज वहिनी भारतातून परतल्या. कुलदैवताचा अंगारा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला, पिशवीसकट. पिशवीवर जुना पक्षी. आणि तारेची पट्टी.

मागायची कशी? ती कशासाठी असते हे कळले तर अंगारा विटाळला म्हणून त्या रडल्या असत्या. न सांगता घेणे ही फसवणूक. शेवटी सगळे क्रमवार समजावून सांगितले.

"अय्यो भावजी, मला शिकवता?" वहिनी म्हणाल्या. "शेजारची बाई माझ्यादेखत तिच्या पिशवीत ओकली. माझी कोरी होती. अंगारा न सांडता आणायला इतके घट्ट मिटणारे दुसरे काय होते तिथे?"

अंगारा डबीत काढून त्यांनी पिशवी माझ्या हातावर ठेवली.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याने पट्टी दोनदा उघडून मिटली. मग म्हणाला, "दाजी, बाकीच्या पिशव्या कुठे ठेवल्यात? सगळ्या दाखवा."