अंगावर उलटलेली गोळी

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अंगठ्याच्या सुजेवरची नवी गोळी तीन आठवडे नेमाने घेतोय. ‘एकही दिवस चुकवायची नाही’ हा तुझा हुकूम मोडायची माझी काय टाप! चिमटा पुन्हा बोटांत बसतो, मनगटी घड्याळं उघडता येतात. फक्त दोन दिवस ताप आहे, डोळे लाल आहेत. तोंडात फोड आल्याने चहासुद्धा झोंबतो आणि छातीवर चट्टे उठलेत. दुकानात घड्याळांची चाकं पेट्रोलने धुतो, त्याचंच असेल. काळजी नसावी.

माया आहेच, ती राहो.
तुझा धाकला

१५ जून

चि. धाकल्यास, अनेक आशीर्वाद.

तार केलीच आहे, तरी लिहिते. गोळी आत्ताच्या आत्ता बंद कर. हे पेट्रोलचं नव्हे. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली. ताप, लाल डोळे, तोंडातले फोड आणि चट्टे एकदम आले की औषधच अंगावर उलटलेलं असतं. कातडी भाजल्यासारखी सुटते. मोठ्या इस्पितळात जा, गोळ्या बरोबर ने. चुकवू नकोस म्हणून मीच बजावलं होतं रे. हातापाया पडते, हट्ट नको.

तुझी ताई

१९ जून

ती. वन्संना, सा. न. वि. वि.

तार आली तेव्हा यांच्या हातात गोळी होती. मी हिसकावली तर चिडून म्हणाले, ताईनेच घ्यायला सांगितलंय. मग तार पुढे धरली. इस्पितळात सदरा काढताना पाठीची साल त्याला चिकटून आली. भाजलेल्यांच्या खोलीत ठेवलंय. डॉक्टर जिवाबद्दल काही बोलत नाहीत. डोळ्यांची भीती आहे म्हणतात. बोलता येत नाही, म्हणून यांनी कागदावर लिहिलं, ‘ताईला बोल लावू नकोस.’ खोटं कशाला सांगू, मनात लावला होता. तुम्ही या. एकटीला धीर धरवत नाही.

आपली भावजय

८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून पहिलंच पत्र, अक्षर चालवून घे. नवी कातडी गुलाबी आलीय. ही मला तान्हं बाळ म्हणते. डोळे वाचले, पण कोरडे पडलेत. दर तासाला थेंब घालतो. भिंग लावून पाच मिनिटांवर काम होत नाही, त्यामुळे आता फक्त भिंतीवरची घड्याळं घेतो. मनगटी घड्याळांची पेटी परवा विकली. त्या दिवशी जेवलो नाही.

भाचीने कळवलं, तुझंही पाऊल सुजलंय आणि तू ते माझ्यापासून लपवलंस. डॉक्टर म्हणाले, त्यावरही हीच गोळी देतात, आणि ती उलटण्याचा धोका रक्ताच्या नात्यात असू शकतो. गोळीचं नाव मागे लिहिलंय. कुठलंही औषध घेण्याआधी कागद तुझ्या डॉक्टरांना दाखव. शरमेपोटी गप्प बसू नकोस. मी वाचलोय तो तुला घालवण्यासाठी नव्हे.

तुझाच
धाकला