आठ खणांच्या कोठ्याची वाटणी

मी, उमादेवी महालिंगअप्पा हालगे, वय ६८, निवृत्त शिक्षिका, राहणार पालम, जि. परभणी, माझ्यामागे काय व्हावे ते येथे लिहून ठेवते. डोळे अधू आहेत, बुद्धी जागेवर आहे. माझ्यावर दडपण आहे. पण ते भाचा वैभवचे असून हे लिखाण त्याच्या मर्जीविरुद्ध आहे.

१. मिळकत : गावाबाहेरचा गुराढोरांचा आठ खणांचा सागवानी कोठा, जागेसह. वडील तो यादवांच्या काळातला सांगत, काका बहामनी काळातला. त्यावरून दोघांचा अबोला होता. त्यात एकही खिळा नाही. खांबाच्या डोक्यावरची जीभ तुळईच्या खाचेत बसते, वर लाकडी खुंटी. भिंती फक्त वारा अडवतात. माझ्या लहानपणी मागची भिंत पडली, तेव्हा वरचे मातीचे माळवद हलले नाही. बैल नुसते बाहेर पाहू लागले.

२. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या पुस्तकात इंग्लंडातल्या जुन्या लाकडी कोठाराचे चित्र होते. "आमच्याकडे असाच कोठा आहे," असे मी सांगितले आणि वर्ग हसला. त्या सर्वांना मी क्षमा केली आहे, रोझलिन सोडून.

३. वाटणीत थोरले बंधू कै. बसवंतराव यांनी जमीन घेतली. मला म्हणाले, "तायडे, तुला कोठा. बस तिथं पुस्तकं वाचत." मी बसले. झरोक्यातले ऊन तिसऱ्या खांबावर आले की आई घरून चहाला बोलावणे पाठवी.

४. वैभव व धनश्री ही बसवंतरावांची मुले. वैभवला तुळया हॉटेलवाल्याला विकायच्या आहेत. "आत्या, लाकूड आहे ते, देव नाही." धनश्रीला खांब ठेवून, वर पत्रे टाकून मंगल कार्यालय काढायचे आहे. म्हणून तुळया वैभवला. खांब धनश्रीला. माळवदाची माती बजरंगला, जो तिथे आपली गुरे बांधतो आणि दर वर्षी मृगाआधी माळवद ठोकून देतो. जागा तिघांची सामाईक. प्रत्येकाने आपला हिस्सा हवा तेव्हा न्यावा. मात्र दुसऱ्याच्या हिश्श्याला धक्का लागता कामा नये.

वकील म्हणाले, "बाई, अशी वाटणी कुणी करत नसतंय."

बजरंगने विचारले, "ताई, माती घेऊन मी काय करू?"

"वरच राहू दे."

"ती तर हायेच की वर."

कलम कायम केले.

५. माती ठोकायचे धुम्मस वैभवला. ते त्याने पुण्याच्या घरी नेऊ नये. येथे येऊन वापरावे. बँकेतली ठेव माळवदाच्या डागडुजीला.

६. आम्हा लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. मला कोठ्यासमोरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दाराकडे तोंड करून बसवावे. विधी करणारे स्वामी दिशेविषयी काही बोलतील. त्यांना हे कलम दाखवावे. लाकूड न्यायला गाडी आलीच, तर ती माझ्यासमोरून जाईल.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
उमादेवी महालिंगअप्पा हालगे

साक्षीदार :
१. माधवराव जोशी, निवृत्त मुख्याध्यापक
२. धुरपताबाई शिंदे, शेजारीण (अंगठा)

पालम, दि. १४ मे २०२४