येमायाला साबण लावला

मंगफ, कुवेत

ती. ताई,
वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे, पण काल माझ्या हातून एक चूक झाली.

शेजारची यामिला क्युबाची. ती इस्पितळात होती म्हणून मी तिचं घर आवरलं. कपाटावर सूप वाढायच्या भांड्यात शिळं पाणी, दगड, शिंपले! पाणी ओतलं, दगड साबणाने घासून कुंडीत टाकले.

घरी येताच ती रिकामं भांडं घेऊन माझ्याकडे आली. "आंटी, ती येमाया होती. समुद्राची आई. बोटीवरच्या माणसांना तीच सांभाळते."

तिचा नवरा आणि माझा लेक शैलेश एकाच बोटीवर आहेत, ताई! आणि आपल्या देवीचा तांदळा तरी काय, शेंदूर लावलेला दगडच ना? मला कळायला नको?

दगड पुन्हा मांडून तिने येमायाला विचारलं, आई, राहशील का? नारळाचे चार तुकडे जमिनीवर टाकले. दोन पांढऱ्या बाजूने पडले, दोन तपकिरी. म्हणजे हो. आपला कौलच गं!

दोन दिवस शैलेशचा फोन नाही. समुद्रात रेंज नसते, काळजी करू नकोस. तरी तांदळ्यापुढे नारळ ठेवून माझ्या नावाने गाऱ्हाणं घाल. साबणाचंही सांग, लपवू नकोस.

तुझी धाकटी,
हेमलता