कमरपट्टेवालीचा जीव

सडक अर्जुनी,
मंगळवार, दुपार

अहो मिस्त्री,

तुमच्या हयातीत तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहू तरी कुठं? तुम्ही जाऊन जाऊन जात होता तो मालकांच्या बैलांच्या जुन्या, रिकाम्या कोठ्यापर्यंत, आणि कोठा आपल्या दारातून हाक मारली तर ऐकू येईल एवढा जवळ. आज लिहायला बसले ती एवढ्याचसाठी, की तुमच्या शेवटच्या बोलण्याचा अर्थ मला काल लागला. सव्वा वर्ष मी तो उलटाच धरून बसले होते. तेवढं तुम्हाला कळवल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

अक्षर वाकडं आहे, हसू नका. धूळ बसलेल्या बोनेटवर बोटानं तुम्ही मला एक 'क' काढून दाखवला होता, तेवढीच माझी शाळा. बाकीची अक्षरं मी बाजारातल्या पाट्यांवरून आणि रॉकेलच्या डब्यांवरून माझी मीच जुळवली. जोडाक्षर आलं की अजून अडते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हँडल मार, चालू होते."

काल छोटे मालक आले. हो, मालगुजारांचे धाकटे! लढाईवरून सुखरूप आले. थोडे लंगडतात, पण हसणं तेच. आल्या आल्या घरात चहासुद्धा न घेता कोठ्यावर गेले. कोणासाठी, ते सांगायला नकोच.

आठवतं का हो ती आली तो दिवस? कोण्या साहेबानं विलायतेला जाताना छोट्या मालकांना विकलेली गाडी. आली तेव्हाच जुनी होती, हिरवा रंग जागोजाग उडालेला. लांबच लांब बोनेट, त्यावर आवळलेला चामड्याचा पट्टा, डोक्यावर छप्पर नाही, आणि बसायला जागा फक्त दोघांची. सारं गाव जमलं होतं. पाटलीणबाई म्हणाल्या, "एवढी मोठी गाडी आन बसाले दोघंच? मंग बाकीची गाडी कायच्या कामाची?" तुम्ही म्हणालात, "बाकीच्या गाडीत तिचा जीव रायते, काकू." त्या पट्ट्यावरून गावानं तिला नाव दिलं 'कमरपट्टेवाली', आणि तुम्ही तिचे राखणदार झालात. बैलगाडीची चाकं दुरुस्त करणारा माणूस! इंजिन उघडून, पाहून, पुन्हा लावून तुम्ही तिला शिकलात. तुम्हाला तरी कोणी शिकवलं होतं? त्या बाबतीत आपण दोघं सारखेच.

मालक लढाईवर निघाले तेव्हा म्हणाले होते, "मिस्त्री, हिला किल्ली नाही, कुलूप नाही. हँडल मारलं की कोणाच्याही हाती चालू होते. तुमच्या भरवशावर टाकून जातो." तुम्ही नुसती मान हलवलीत. त्या मान हलवण्यापायी मग चार वर्षं काय काय केलंत!

ठोकळ्यांवर चाकं उचललीत. अंगावर धानाची तणस रचलीत, इतकी बेमालूम, की खुद्द पाटलांची गाय दोर तोडून बोनेटावरची तणस खायला आली. आसाखाली बैलाच्या गळ्यातली घंटी बांधलीत. गाडीला कोणी धक्का दिला की घंटी वाजायची. आणि वर सगळ्यांत मोठी युक्ती म्हणजे तिचा जीव. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. इंजिनात तो गरगर फिरतो म्हणून ठिणगी पोचते, असं तुम्ही मला समजावलं होतं. आठवड्यातून एकदा तणस बाजूला करून इंजिन फिरवायचं, आणि निघताना तो तुकडा काढून घरी आणायचा. "तिचा जीव आणला," म्हणायचात, आणि दर वेळी नव्या जागी लपवायचात. पिठाच्या मडक्यात काय, देवाच्या गादीखाली काय! एकदा पानाच्या डब्यात ठेवलात, आणि आपल्या देवरी गावच्या सोयऱ्यांनी सुपारी समजून दाताखाली घेतला. केवढे ओरडलात त्यांच्यावर! दात त्यांचा दुखला, आणि फुंकर तुम्ही तुकड्यावर घातलीत.

मंडईच्या जत्रेच्या दिवशीची गोष्ट तर मी अजून बायांना सांगते. सारं गाव दंडारीतली सोंगं नि नाच पाहायला गेलेलं. भर दुपारी दोन माणसं आली. एकाच्या डोक्यावर हॅट, हातात पेट्रोलचा डबा. तेव्हा बिरसीला विमानं उतरायची जागा तयार होत होती, परक्या माणसांची सडकेवर ये-जा फार. हॅटवाला म्हणाला, "मालिक की चिठ्ठी है. गाडी नागपूर ले जानी है." तुम्ही चिठ्ठी वाचलीत आणि म्हणालात, "घेऊन जा ना साहेब, मी कायले अडवू?" मी दारात गार पडले! तणस काढायला, ठोकळे काढायला तर तुम्हीच हात लावलात.

मग ते हँडल मारू लागले. एकानं मारलं, दुसऱ्यानं मारलं. तुम्ही बाजेवर बसून लाखोळीच्या शेंगा सोलत होता.

"क्यों मिस्त्री, चलती क्यों नहीं?"

"रुसली असंल साहेब. आज मंडई हाय, तिलेबी दंडार पाहाची असंल. मारा, अजून मारा. घाम निंगाला का माणूस हलका होते."

आणि प्रत्येक हँडलला खालची घंटी खणखण, खणखण! गावाला ती घंटी पाठ. कोठ्यात बैल नाही, म्हणजे वाजते ती कमरपट्टेवालीच. दंडार सोडून लोक धावत आले. हॅटवाल्यानं गर्दी पाहिली, डबा उचलला, जाता जाता म्हणाला, "तू बडा बदमाश है." तुम्ही हात जोडलेत, "तुमची किरपा." लोक हसून लोळले. पण तेव्हा तिचा जीव माझ्या ओच्यात खोचलेला होता आणि मी त्या माणसापासून दोन हातांवर उभी होते, हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक?

नंतर मी विचारलं, चिठ्ठी खोटी हे कसं ओळखलंत? म्हणालात, "छोटे मालक आधी माही तब्येत पुसतात, मंग गाडीची. या चिठ्ठीत माही तब्येतच नवती." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही हो. चोराशी भांडण नाही, शिवी नाही, लाठी नाही.

मालक लढाईवर जाण्याआधीच्या एका गोष्टीचा राग मात्र आहे. माझं चांगलं निळ्या काठाचं लुगडं फाडून तिला पुसायला नेलंत! मी चार दिवस बोलले नाही. मग तुम्ही मालकांना विचारून मला तिच्यात बसवलंत. अख्ख्या सडकेवर! वाऱ्यानं पदर उडाला, मी दोन्ही हातांनी तो कपाळावर ओढत होते. तुम्ही म्हणालात, "राहू दे ना. इतकं चांगलं कपाळ झाकतेस कायले?"

का झाकते, हे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या कपाळावर, अगदी केसांच्या कडेला, भोवरा आहे. लग्नात तो पदराखाली झाकला गेला आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंना दिसला. "भोवऱ्याची बाई नवऱ्याले खाते," असं त्या उठता बसता बोलत. एके दिवशी तुम्ही ताटावरून उठलात आणि आईला म्हणालात, "हा शब्द या घरात पुन्हा निंगाला त मी कोठ्यात जेवीन." त्या दिवसापासून आपल्या घरात 'भोवरा' हा शब्द कोणी उच्चारला नाही. तुम्ही तर कधीच नाही.

म्हणूनच शेवटी तुमच्या तोंडून आला तेव्हा तो इतका खोल रुतला.

ताप भरून तुम्ही दुपारी कोठ्यातून आलात, भिंत धरत धरत. आत कोनाड्यापाशी काहीतरी खुडबूड केलीत आणि अंथरुणावर पडलात. मी म्हटलं, "काय पाह्यता?" तुम्ही हसलात, "काई नाई. सकाळी समजंल तुले." सकाळी ऊन दारात आलं तेव्हा तुम्हाला धड बोलवत नव्हतं. माझा हात धरून म्हणालात, "भोवरा... तुह्या कुकवापाशी." पुन्हा तेच. "तुह्या कुकवापाशी, भोवरा." मी म्हटलं, बोलू नका, पडून राहा. पाणी पाजलं. का नाही विचारलं मी, कोणता भोवरा म्हणून? तेवढ्यात तुम्ही गेलातच.

सव्वा वर्ष मी काय समजले असेन, सांगा! वाटलं, जन्मभर ज्यानं मला त्या शब्दापासून वाचवलं, त्यालाही शेवटी तेच पटलं. माझ्या कुंकवापाशी भोवरा होता, त्यानं कुंकू खाल्लं. हे मी कोणाला सांगितलं नाही, तुमच्या बहिणीलाही नाही. पदर मात्र भुवयांपर्यंत ओढला. तरी तुमच्या कमरपट्टेवालीवर राग काढला नाही हं! यंदा नवी तणस मीच घातली, घंटीची दोरी मीच बदलली. तिचा जीव कुठं, हा प्रश्नच मला पडला नाही. त्या दिवशी तुम्ही कोठ्यात गेला होता, तेव्हा तो तिच्यातच राहिला असेल, असं धरून चालले.

काल मालकांनी तणस काढली. गोंदियाहून मेकॅनिक आणलेला. पेट्रोल घातलं, हँडल मारलं, गाडी गप्प. मेकॅनिकनं झाकण उघडून पाहिलं आणि चारचौघांत म्हणाला, "माल गायब है, मालिक. बेच खाया होगा आपके मिस्त्रीने. लढाई के टाइम सबने बेचा."

चार वर्षं तणशीत राखली, आणि तुमच्या नावाला हे?

मालक ताडकन म्हणाले, "तोंड सांभाळ. तो माणूस आपला हात विकेल, हिचा खिळा विकणार नाही." मग माझ्याकडे वळले. "बाई, मिस्त्री भोवरा कुठं ठेवत होते?"

मी म्हटलं, "काय ठेवत होते?"

"भोवरा. हा इथं फिरतो तो. आम्ही त्याला तेच म्हणायचो. मिस्त्रीनंच नाव ठेवलं होतं. म्हणायचे, माझ्या बायकोच्या कपाळावर भोवरा आहे, ती आली तेव्हापासून माझं घर चालू आहे. मग गाडीतही जो सारं चालवतो, त्याचं नाव तेच. पण घरी नाही म्हणत, तिला लागतं."

अहो, मी तशीच वळले. घरी येऊन माळ्यावर चढले. तुमची बहीण खालून ओरडतेय, "वहिनी, येडी झाली का? तो करंडा कायले काढतेस? तुले आता चालत नाई!" तुम्ही गेलात त्याच दिवशी तिनंच माझा कुंकवाचा करंडा न उघडता फडक्यात बांधून वर टाकला होता. मी खाली उतरून फडकं सोडलं. झाकण घट्ट बसलेलं, पदरानं धरून पिळलं. आत सुकलेल्या कुंकवात एक चिंधी. निळ्या काठाची, माझ्याच लुगड्याची. आणि चिंधीत तो, तेल लावून गुंडाळलेला.

तुमच्या बहिणीनं त्या चिंधीवरून बोट फिरवलं. "माया दादा," एवढंच म्हणाली.

सकाळी समजंल तुले, म्हणालात ना? खरंच, रोज सकाळी उठून मी उघडणार अशी ती एकच जागा. पण एवढंही सुचलं नाही का हो तुम्हाला, की तुम्ही गेलात तर तोच करंडा मला कायमचा बंद होईल? की जायचं तुमच्या मनातच नव्हतं? तसंच असणार. सकाळी मी कुंकू लावायला बसेन, बोटाला भोवरा लागेल, मी ओरडेन, आणि तुम्ही अंथरुणातून हसाल, असाच तुमचा बेत होता. मरायचा बेत असता तर तुम्ही दुसरी जागा शोधली असती.

मी तो नेऊन मालकांच्या हातावर ठेवला, कुंकवासकट. मेकॅनिकनं खाली मान घालून पुसला, बसवला. तिसऱ्या हँडलला कमरपट्टेवाली अशी गरजली, की खालची घंटी वेड्यासारखी वाजायला लागली! लोकांना वाटलं चोर आले. सगळे धावत आले, तर कोठ्यात मालक हसतायत आणि मी रडतेय. माझं बोट लाल होतं, ते मी काल धुतलं नाही.

गाडी बंद केल्यावर मालकांनी भोवरा काढला आणि परत माझ्याच हातात दिला. "हा आता तुमच्याकडं, बाई. मिस्त्री गेले, पण त्यांची जागा आहे."

तेव्हा ऐका. भोवरा करंड्यात ठेवला आहे, आणि करंडा पुन्हा कोनाड्यात. रोज सकाळी मी तो उघडून पाहीन, कोणी काही म्हणो. कपाळाला काही लावणार नाही, पण कपाळ झाकणारही नाही. मालकांनी बोलावलं की पदरात बांधून नेईन, काम झालं की मोजून दहा पावलांत घरी आणीन. माझ्या अंगात धुगधुगी आहे तोवर तुमची गाडी मालकांवाचून दुसरा कोणी चालू करणार नाही, हा शब्द.

तुमचीच,
भोवऱ्याची बाई