अण्णांनी निवडलेला हॉल

माउंट रॉस्किल, ऑकलंड
१० जुलै २००५

ती. अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

दर रविवारी तुम्ही फोनवर विचारता, "हॉलमध्ये ऊन येतं ना गं?" मी म्हणते, "भरपूर!" खरं काय ते आज लिहिते.

घर घेताना तुम्हाला दोन नकाशे पाठवले होते. जन्मभर पुण्यात घरं बांधलीत तुम्ही. होकायंत्र लावून दक्षिणेकडचा हॉल निवडलात, कारण थंडीत ऊन दक्षिणेकडून येतं. एजंट बिचारा सांगत होता, दुसरं घर नॉर्थ-फेसिंग आहे, ते घ्या. आम्हाला वाटलं, हा गंडवतोय. मी इंजिनिअर, प्रमोद इंजिनिअर, सह्या करून मोकळे!

पहिल्याच जूनमध्ये, इथल्या थंडीत, हॉलच्या भिंतींना बुरशी आली. तेव्हा शेजारच्या मार्गारेटबाई म्हणाल्या, "इथे सूर्य उत्तरेकडून जातो." आम्ही पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात आलोय, हे आपण तिघंही साफ विसरलो होतो.

मग प्रमोदने सोफा, टीव्ही उचलून उत्तरेच्या बेडरूममध्ये नेला. आम्ही हीटर लावून जुन्या हॉलमध्ये झोपतो. ऊन हॉलमध्ये येईना, म्हणून हॉलच उन्हात नेला. तुमची नात सिद्धी तिथे मांजरासारखी लोळत असते. म्हणजे फोनवर मी खोटं बोलत नाही, आणि घरही मला मनापासून आवडतं.

"लेकीचं घर मी निवडलं," असं तुम्ही सगळ्यांना सांगता. म्हणून हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. पुढच्या महिन्यात येताना काय आणू विचाराल, तेव्हा सांगेन: मेतकूट आणा, होकायंत्र नको.

तुमची,
कल्याणी